कारकून, खिसं!

सात वर्षं रोज सकाळी मी एका माणसासमोर खिसे उलटे करून उभा राहिलोय. मी चोर नव्हतो आणि तो पोलीस नव्हता. मी पागेचा कारकून, व्हर्नाक्युलर फायनल पास, मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहिणारा. आणि तो त्याच पागेतला शिंगरांचा राखणदार. हुद्द्याने माझ्याखाली, शिक्षणाने तर विचारूच नका. पण मी फाटकाशी आलो की गडी बाजेवरून उठायचासुद्धा नाही. नुसतं म्हणायचा, "कारकून, खिसं." की मी आपला दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवतोय. शेंगदाणा नाही, फुटाणा नाही, सुपारीचं खांड नाही. मग तो मान हलवणार आणि मी आत जाणार. आजही शिंप्याने "सदऱ्याला खिसे किती ठेवू?" असं विचारलं की माझं डोकं तापतं.

पागा मुंबईच्या एका शेटची. घोरावाडीच्या बाजूला, माळावर. एवढा मावळ सोडून हीच जागा शेटने का घेतली, तर गावाचं नाव त्यांच्या कानाला 'घोडावाडी' असं ऐकू आलं. घोड्यांना शुभ! मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं की शेट, ह्या नावाचा घोड्याशी काही संबंध नाही. शेट म्हणाले, आता कागद झाले. अशा माणसाच्या पागेवर राखणदारही तसाच असायचा, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सगळे त्याला दफेदार म्हणायचे. मूळचा टाकव्याचा. पहिल्या लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला. खरोखर दफेदार होता की लोकांनी हाक मारून मारून केला, देव जाणे, कागद कुणी बघितला नव्हता. अंगात कायम तो खाकी कोट, त्याची पाच बटणं पाच तऱ्हेची. विडी नाही, तंबाखू नाही, पान नाही, चहासुद्धा नाही. दुपारी फाटकाबाहेर जाऊन दोन भाकऱ्या आणि मिरची खायची, चूळ भरायची आणि मग मिशीचा केस न् केस चिमटीत धरून पुसायचा. का, तर मिशीत अडकलेला कण शिंगराच्या पुढ्यात पडू नये. ही मिशी पुसणी बघताना माझा जीव नुसता आंबून जायचा.

त्याचं एक म्हणणं होतं, ते तो दिवसातून दहा वेळा ऐकवायचा. "शिंगरू म्हंजी नुसतं तोंड. पाय मागनं येत्यात." आता यात खोटं काही नव्हतं, हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट. शिंगरं काय खात नाहीत? दावं खातात, भिंतीचा गिलावा खातात, आईची शेपटी चघळतात, गोणपाट ओढतात. एकदा माझ्या हातातलं शेटचं पत्र एका शिंगराने ओढलं. दफेदारांनी त्याच्या जबड्यात हात घालून निम्मं बाहेर काढलं आणि तो ओला बोळा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, शेटनं काय लिवलंय बगा, खालचं अर्धं हाय. त्या खालच्या अर्ध्यात 'ताबडतोब करणे' एवढंच वाचता येत होतं. काय करणे ते वर होतं. मी आठ दिवस शेटच्या दुसऱ्या पत्राची वाट बघत घाम पुसत बसलो.

फाटकाशी त्यांनी एक फडताळ ठोकलं होतं. त्यात प्रत्येकाचा खण. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांच्या पानतंबाखूच्या चंच्या, गवत कापायला येणाऱ्या बायकांच्या भाकऱ्या, माझा डबा, सगळं तिथे. बायकांना तर ओटी झाडून दाखवावी लागायची. दफेदार तेव्हा तोंड डोंगराकडे फिरवून बसायचे आणि नुसता कान देऊन ऐकायचे, खाली काही पडलं का ते. बायका त्यांना मागून वेडावून दाखवायच्या. त्यांच्या लक्षात येत नसेल असं मला वाटत नाही.

उन्हाळ्यात शेटचं बिऱ्हाड लोणावळ्याच्या बंगल्यावर यायचं आणि मग माझे हाल कुत्रा खात नसे. पाहुणे पागा बघायला खाली उतरायचे, आणि लोणावळ्याहून कुणी गुडदाणी घेतल्याशिवाय उतरतं का? शिंगराच्या तोंडात गुडदाणी घालायची आणि "किती गोड!" म्हणायचं, ही त्या लोकांची करमणूक. एकदा शेटचे एक दोस्त आले, मुंबईतले बडे वकील. दफेदारांनी त्यांना फाटकात उभं केलं. सायेब, खिसं. मी लांबून धावत आलो, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं, पण छे! वकीलसाहेबांच्या कोटातून गुडदाणीचा पुडा निघाला, तो फडताळात गेला, आणि ते बाहेर येईपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. वकीलसाहेबांचं अडीच पानी पत्र आलं. त्याला उत्तर कुणी लिहिलं? मी. खिसे दफेदारांनी तपासायचे आणि माफी मी मागायची, अशी आमच्या पागेत कामाची वाटणी होती.

पण ह्याच माणसाने शेटच्या बाईसाहेबांना जे सांगितलं, ते ऐकून मला वाटलं, आता नोकरी गेली, माझी आणि त्यांची बरोबरच. चिमणी तेव्हा दहा-बारा दिवसांची होती. चिमणी म्हणजे पागेतल्या सगळ्यात महागड्या घोडीचं शिंगरू. शेटचा तिच्यावर फार जीव. बाईसाहेब कौतुकाने बघत होत्या, तेवढ्यात चिमणी आईच्या मागे गेली आणि ताजी लीद खायला लागली. बाईसाहेब किंचाळल्या. एका फुटाण्यासाठी जो माणूस वकिलाचे खिसे उलटे करतो, तो इथे हाताची घडी घालून कौतुकाने बघत उभा!

"बाईसायेब, ते त्येचं उष्टावन हाय," दफेदार म्हणाले. "आईच्या पोटात जे रुजलंय ते लेकराच्या पोटात जातंय. म्हैनाभर खाईल, मग आपलं आपण सोडंल. फकस्त आईची पायजे, आनि ताजी पायजे."

बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला आणि मला हुकूम केला, उद्याच्या उद्या मुसकं आणा. मी बुरुडाकडून छानसं मुसकं विणून आणलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ते फाटकावर खिळ्याला टांगलेलं. विचारलं, तर म्हणाले, पाव्हन्यांसाटी ठिवलंय, ज्येंचं तोंड आवरत न्हाई त्येंच्यासाटी. मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी मी मनाशी शपथ घेतली की एक ना एक दिवस ह्या माणसाचे खिसे मी सगळ्यांसमोर उलटे करीन, तेव्हाच माझ्या जिवाला बरं वाटेल.

आता जे घडलं ते सांगतो. यात माझी अब्रू फारशी राहत नाही, पण सांगतो.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी ती महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी तळेगावाला बोलावून घेतलं आणि घरातल्या घरात, दार लावून तिची चोरओटी भरली. आम्हा दोघांनाही देवापुढे शपथ घातली, पाचवा लागेपर्यंत ह्या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. मागच्या दोन्ही वेळी आधीच बोभाटा झाला आणि नजर लागली, असं त्यांचं ठाम मत होतं. माझा नजरेवर विश्वास नव्हता. पण दोनदा हात पोळल्यावर माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

ती ओटी पदरात बांधून, वर शाल घेऊन ही माझ्याबरोबर सकाळी पागेवर परत आली. आमच्या दोन खोल्या पागेच्या आवारातच, पार पलीकडे. तिथे जायचं तर फाटकातूनच. मी खिसे दाखवले. दफेदारांची नजर हिच्या पोटाशी धरलेल्या पदराच्या गाठीवर गेली. त्यांनी मला विचारलं, बाईंच्या वटीत काय हाय? आता काय सांगणार? चोरओटी म्हणून सांगितली तर ती चोर कसली! मी म्हणालो, काही नाही, थंडी वाजते म्हणून पदर असा धरलाय. दफेदार म्हणाले, तुमी सांगताय म्हंजी न्हाई. आणि आम्हाला सोडलं. सात वर्षांत त्यांनी न तपासता आत सोडलेला तो एकच पदर.

मी कचेरीत गेलो आणि ही शिंगरांच्या कुंपण घातलेल्या वाडग्याच्या कडेकडेने घराकडे निघाली. चिमणी तेव्हा चार महिन्यांची झाली होती आणि कुंपणातून मान काढून येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर ओढायचा तिला नाद होता. तिने हिचा पदर ओढला. गाठ सुटली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खारका, सगळं मातीत. ओटी अशी सांडणं म्हणजे काय, ते कुणी सांगायला नको. हिने हाताला येईल तेवढं भराभरा गोळा केलं आणि दार लावून आत बसली. चिमणीच्या तोंडात काय गेलं हे बघायचं भान तिला कुठलं असणार?

अर्ध्या तासाने आरडाओरडा झाला म्हणून मी धावलो. चिमणी मान लांब ताणून उभी होती. खोकत होती, आणि नाकातून लाळ आणि दूध गळत होतं. आई तिच्याभोवती फिरत होती, खूर आपटत होती. दफेदारांनी चिमणीच्या मानेच्या डाव्या अंगाने बोटं फिरवली आणि एका जागी थांबले. नरड्यात काहीतरी अडकलं होतं. सात-आठ मोतद्दार जमले. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं तेल ओता. दफेदारांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, काय गिळलंय ते कळल्याबिगर हात लावायचा न्हाई. हरभरा असंल तर पान्यानं फुगंल. लाकूड असंल तर चोळल्यावर आत टोचंल. दोरी असंल तर हात घालून वडावी लागंल. आणि मग एकेकाला विचारायला लागले. तुझ्याकडं काय होतं? तू काय टाकलंस?

मला कळलं होतं. मला पहिल्या क्षणाला कळलं होतं. माझ्या पायाशी मातीत दोन-चार तांदूळ चमकत होते आणि मी त्यांच्यावर पाय ठेवून उभा होतो. त्यांनी मलाही विचारलं. मी म्हणालो, मला काय माहीत. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो. बायकोची शपथ होती, पोटातल्या जिवाची काळजी होती, आणि सकाळी थाप मारली होती ती उघडी पडेल ही भीतीही होती. त्यातलं किती खरं आणि किती सबब, हे मी आजवर मनात मोजत बसलेलो नाही.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. ही पदर खोचून बाहेर आली आणि सरळ त्या सगळ्या बाप्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. एरवी परक्या माणसाला पाणी द्यायचं तर दारामागून तांब्या सरकवणारी बाई.

"दफेदार, माझी चोरओटी होती," ती म्हणाली. "तिच्यात पाच खारका होत्या. त्यातली गेली असणार तिच्या तोंडात. माझ्याकडे एकही राहिलेली नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सगळे लेकुरवाळे, सगळ्यांना समजलं. दफेदारांनी हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, खारीक हाय व्हय, मग बरं झालं, तीळतेल कोमट करून आना. चिमणीचं डोकं त्यांनी खाली धरायला लावलं, थोडं थोडं तेल आत सोडलं आणि मानेवरची ती गाठ अंगठ्याने चोळायला बसले. बसले ते बसलेच. ऊन डोक्यावर आलं. बाजूला बांधलेली आई फुरफुरायची तेव्हा तिच्याशी बोलायचे, आगं थांब, जातीय, जातीय. ही तिथेच उभी होती, हलायला तयार नाही. मला वाटलं, हे शिंगरू गेलं तर हिच्या पोटातलंही जाणार. म्हणजे माझा विश्वास नव्हता, पण वाटलं. दीड-दोन तासांनी चिमणीने मान झटकली, एक मोठा घोट गिळला आणि शिंकली. दफेदारांनी गळ्याला कान लावला. मग उठून आईची दोरी सोडली. चिमणी तडक आचळाला लागली.

"कारकून, बाईस्नी घरात न्या," ते म्हणाले. "ऊन हाय."

एवढंच. मला वाटलं, आता बोलतील, शेटला सांगतील, चारचौघांत काढतील. काही नाही. संध्याकाळी बघतो तर कुंपणाशी गुडघ्यावर बसून माती चाळतायत. मी म्हणालो, दफेदार, झालं गेलं, जाऊ द्या आता. तर वर न बघता म्हणाले, तुमी न्हाई म्हनला व्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग माणूस करतो तेच मी केलं, उलट चिडलो. म्हणालो, तुमच्या ह्या खिशांच्या वेडापायी झालं सगळं! असा धाक नसता तर मी खोटं बोललो असतो का?

त्यांनी हात झाडले. "बसऱ्याला दाना संपला तवा घोड्याखेचरांनी एकमेकांच्या शेपट्या खाल्ल्या," ते म्हणाले. "मेल्यावर पोट फाडलं तर आत नुसतं केस. त्येला काय इलाज नव्हता. हितं चारा हाय, पानी हाय. हितं मेलं तर ते आपल्या हातनं."

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पोचलो तर बाजेवरून आवाज आला, कारकून, खिसं. जसं काही झालंच नव्हतं. त्यानंतर दोन दिवस ते चिमणीची लीद काडीने उकरत बसलेले दिसायचे. मी विचारलं नाही. त्या माणसाला काही विचारणं मी सोडलं होतं.

पण ते मला कुठे सोडायला! सगळ्या पागेला कळलंच होतं, त्यामुळे आता हिच्या तोंडावरही त्यांचा पहारा बसला. हिला मातीचे डोहाळे लागले. भिंतीचा पोपडा काढून खायची चोरून. त्यांनी ते कुठून हेरलं कोण जाणे. मला फाटकाशी उभं करून सांगितलं, माती खातीया म्हंजी अंगात कायतरी कमी हाय, मेथी द्या, तीळ द्या, खजूर द्या, आमी शिंगरास्नी मिठाचा खडा टांगतो. मी भडकलो. म्हणालो, अहो, तुमच्या घोडीला आणि माझ्या बायकोला एकाच मापाने मोजता काय? ते शांतपणे म्हणाले, न्हाई, घोडी ऐकती. मी तरातरा घरी येऊन हे हिला सांगितलं, तर ही पोट धरून हसली. दोन वर्षांत हसली नव्हती अशी हसली. आणि मेथीही खायला लागली. चौथा महिना गेला, पाचवा गेला. नववा भरला आणि तळेगावाला मुलगी झाली.

उष्टावण आमच्या पागेतल्या खोलीतच करायचं ठरलं. मुलीचं, म्हणून सातव्या महिन्यात. सासूबाई आल्या आणि खीर भरवायला मामा हवा, म्हणून हिचा थोरला भाऊ पुण्याहून आला. भला माणूस, पण तपकिरीचं जबरदस्त व्यसन. दर पाच मिनिटांनी कोटाच्या खिशातून डबी निघायची, चिमूट नाकात जायची आणि डबी परत खिशात. चांदीच्या वाटीत खीर होती, त्यात सोन्याची अंगठी बुडवून मामाने बाळाच्या ओठांना लावायची. बाळ मामाच्या मांडीवर बसून वाटीकडे झेपावत होतं. नुसतं तोंड.

तेवढ्यात दारात दफेदार येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. मी या म्हणालो, तर त्यांनी काय करावं? कुणी काही म्हणायच्या आत, सगळ्यांसमोर, त्यांनी आपल्या खाकी कोटाचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. रिकामे. इतकी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा मला खाली बघावं लागलं.

मग त्यांनी आतल्या खिशातून एका फडक्याची पुरचुंडी काढून उंबऱ्यावर सोडली. चार खारका, वाळून लाकूड झालेल्या, आणि खारकेची एक बी.

"पाच," ते हिला म्हणाले. "वटीतलं कुनाला देता येत न्हाई आनि टाकताबी येत न्हाई. म्हून ठिवल्या व्हत्या."

सासूबाईंनी विचारलं, ही बी कुठली? ते म्हणाले, चिमनीच्या लिदीतनं काढली, दोन दिस लागलं, तीन पान्यानं धुतलीया. सासूबाईंनी नाकाला पदर लावला तो खाली घेईनात. पण ही उठली, उंबऱ्यापाशी गुडघे टेकून बसली आणि पदर पसरून चार खारका आणि ती बी त्यात घेतली. मग खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ते दोन पावलं मागे सरले.

इकडे मेहुण्याला घाई झाली होती. त्याने शेवटची एक चिमूट ओढली, डबी कोटात टाकली आणि त्याच बोटांनी अंगठी उचलली. नखं तपकिरीने पिवळी झालेली. मी दफेदारांकडे बघितलं. त्यांची नजर मेहुण्याच्या खिशावर खिळली होती. ओठ हलले. पण हे त्यांचं फाटक नव्हतं, घर माझं होतं, पाहुणा माझा होता. त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी पुढे होऊन वाटीवर हात धरला.

"दादा," मी म्हणालो, "आधी खिसे."